४५ सेंटिमीटरच्या दोन मुश्या

मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात मोरीची, म्हणजे लहान मुशीची (शार्कची), रास लागते ती लांबी बघून, जात बघून नव्हे. राखाडी पाठ, पांढरं पोट, हातभर लांबी, की झाली मोरी. त्या राशीत शेजारी शेजारी पडलेल्या दोन माशांची लांबी सारखीच, ४५ सेंटिमीटर भरते. आणि तरी एक दोन-तीनदा व्यालेली मादी असू शकते, दुसरं आठवड्यापूर्वी जन्मलेलं पिल्लू.

पहिली आपली नेहमीची मोरी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. चपटं, लांबट, फावड्यासारखं नाक. पाठीवरचा दुसरा पर अगदी चिमुकला आणि शेपटीकडे सरकलेला. ती ३३ ते ३५ सेंटिमीटरला वयात येते आणि पाऊण मीटरच्या पुढे जात नाही. दुसरी कानमुशी, हातोड्यासारख्या डोक्याची. ती जन्मतःच ४०-५० सेंटिमीटरची असते आणि मादी दोन मीटर ओलांडल्याशिवाय वीत नाही. डोकं शाबूत असेल तर कानमुशी कुणालाही ओळखता येते. पण डोकं छाटून, आतडी काढून वाटे लावले की उरलेल्या धडावरून सांगणं अवघड. काळ्या टोकांच्या परांच्या मुशीचं पिल्लू तर डोक्यासकटही सहज खपून जातं.

पिल्लू ओळखायची एक सोपी खूण आहे. मुशी उलटी करायची आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध बघायचं. तिथे नाळेची जागा असते. या जातींच्या पिल्लांना आईच्या पोटात आपल्यासारखीच वार आणि नाळ असते. जन्मल्यावर ती जागा आधी उघडी चीर असते, काही आठवड्यांत मिटून रेघ होते, पुढे रेघही पुसट होते. उघडी चीर दिसली तर समजावं, हे पिल्लू जन्मलं ते पाणी आणि जाळं पडलं ते पाणी एकच. मासेमारीच्या कोणत्याही सरकारी आकड्यापेक्षा ही चीर जास्त सांगते. आकडा टनांत असतो आणि टनाला वय नसतं.

लहान मच्छीमारीचा मुशी-पाकटांवर (पाकट म्हणजे चपटा, लांब शेपटीचा रे मासा) काय परिणाम होतो, या प्रश्नाची गोची इथेच आहे. वजनाने पाहिलं तर लहान होडीचा वाटा किरकोळ. ट्रॉलर तळ खरवडत जातो, दिवसचे दिवस समुद्रात राहतो, त्याच्या एका फेरीत जेवढी मोरी आणि पाकट येते तेवढी फायबरच्या होडीत मावणारही नाही. सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार ट्रॉलर आणि पर्ससीनविरुद्ध (माशांचा थवा घेरणारं मोठं जाळं) वर्षानुवर्षं भांडत आहेत ते उगाच नाही. पण होडी काम करते ते पाणी वेगळं. पाच वाव, दहा वाव खोलीचं (एक वाव म्हणजे सहा फूट), खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला. बऱ्याच मुश्या विण्यासाठी नेमक्या अशाच उथळ, गढूळ पाण्यात येतात. आई वीते आणि निघून जाते. पिल्लं तिथेच कोळंबी, लहान मासे खात महिनोन्‌महिने राहतात, कारण त्यांना खाणारी मोठी मुशी तिथे सहसा येत नाही. तिथे ट्रॉलर कायद्याने येऊ शकत नाही, होडी रोज जाते. समजा गावात ५० होड्या आहेत आणि प्रत्येकीचं जाळं एक किलोमीटर. एका रात्री त्या पट्ट्यात ५० किलोमीटर भिंत उभी राहते. कुणाही एकाला चार पिल्लांपलीकडे काही मिळत नाही, म्हणून कुणालाच आपण पिल्लं मारतो असं वाटत नाही.

मोरीला यातलं बरंच पचतं. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, बाकीचं सगळं पोषण वारेतून. गर्भकाळ पाच-सहा महिन्यांचा, एका वेळी बहुधा ६ ते १८ पिल्लं, आणि वीण वर्षभर चालू. मादी दुसऱ्या वर्षापर्यंत वयात येते. पालघर-मुंबई-रायगडच्या डोल जाळ्यांत, जी भरती-ओहोटीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेली असतात आणि ज्यांच्या शेपटाकडचा आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बोंबील-जवळ्यासाठी अगदी बारीक असतो, मोरीची बोटभर पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. तरी मोरी टिकली. अर्थात टिकली म्हणजे निर्धास्त नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आययूसीएन) यादीत तिचीही नोंद ‘संकटाच्या जवळ’ अशीच आहे.

कानमुशीला ही चैन नाही. गर्भकाळ नऊ-दहा महिने किंवा त्याहून जास्त, पिल्लं डझन-दोन डझन, पण मादी वयात यायला वर्षं लागतात, काही समुद्रांत पंधराच्या आसपास. २०१९ पासून ती अतिसंकटग्रस्त. पाकटांचं तर आणखी कठीण. लहान पाकट एका खेपेला एक-दोन पिल्लं देते. ठिपक्यांची उडती पाकट वर्षभर पोटात वाढवून एक ते चार. शिंगं असल्यासारखी दिसणारी मोठी पाकट बहुधा एकच, आणि तेही दर वर्षी नाही. बांगडा लाखांनी अंडी सोडतो. त्याच्या हिशेबाने जाळं मारायची सवय लागलेल्या किनाऱ्यावर ही गणितं कुणाच्या अंगवळणी पडत नाहीत.

मग पिल्लं मारणं हेच मुख्य पाप का? इथे एक गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते, म्हणून जरा थांबतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात डस्की नावाच्या मुशीची जाळ्याने मासेमारी होते. जाळ्याचा आस असा की नवजात ते दोन-तीन वर्षांची मुशी अडकते, मोठी अडकतच नाही. डस्कीची मादी वयात यायला वीसेक वर्षं घेते, म्हणजे पिल्लांची मासेमारी ही सरळसरळ आत्महत्या वाटावी. पण अभ्यासकांच्या हिशेबात ती चालण्याजोगी निघाली, एका अटीवर: पहिल्या दोन-तीन वर्षांची ही खिंड जे पिल्लू पार करेल, त्याला पुढे आयुष्यभर कुणी हात लावता कामा नये. पिल्लं तशीही बरीच मरतात. वीसेक वर्षं जगलेली मादी मात्र बदलून मिळत नाही. दुसऱ्या मासेमारीत मोठ्या मुश्या थोड्या जरी मरू लागल्या तरी सगळा हिशेब कोसळतो.

कोकणात ही अट एका बाजूनेही पाळली जात नाही. नवजात पिल्लू उथळ पाण्यात होडीच्या जाळ्यात, वर्षा-दोन वर्षांचं ट्रॉलरच्या पिशवीत, मोठी मुशी बाहेरच्या खोल पाण्यात गळांच्या लांब दोरीवर किंवा मोठ्या आसाच्या जाळ्यात. प्रत्येक वयासाठी वेगळं हत्यार वाट बघत असतं आणि प्रत्येक हत्याराचा मालक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझ्या मते सगळ्यांचंच बोट बरोबर आहे. होडीवाल्याला दोष देऊन हा हिशेब सुटत नाही, आणि ‘गरीब मच्छीमार आहे, त्याला सोडा’ म्हणूनही सुटत नाही.

आता जाळ्याकडे येऊ. गिलनेटचा आस ठरलेला असतो तो माशाच्या घेरावर: डोकं आत जावं, कल्ल्यांपाशी सूत अडकावं, अंग पलीकडे जाऊ नये. बांगड्याला, सुरमईला हे लागू पडतं. मुशी-पाकटांच्या बाबतीत आसाची शिस्त चालत नाही. मुशीची कातडी खरखरीत, सूत तिला धरून ठेवतं. ती गिरक्या घेते आणि स्वतःला गुंडाळून टाकते. कानमुशीच्या डोक्याचे दोन कोपरे कुठल्याही आसात अडकतात. पाकटीच्या शेपटीचा काटा दातेरी, एक धागा लागला की दहा ओढतो. आणि करवत मासा! त्याच्या तोंडापुढच्या करवतीला बारीक-मोठं कुठलंच जाळं वर्ज्य नव्हतं. नायलॉन आलं आणि जगभरात त्याच्या पाचही जाती नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर गेल्या. त्यामुळे ‘आसाचा नियम करा, पिल्लं वाचतील’ हा उपाय पापलेटासाठी ठीक, कानमुशीसाठी कागदावरच राहतो.

नायलॉनचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. होडी पारंपरिक असते, जाळं पारंपरिक राहिलेलं नाही. सुती आणि तागाचं जाळं रोज वाळवावं लागे, झाडाच्या सालीच्या रंगात उकळावं लागे, नाहीतर कुजे. म्हणजे जाळ्यालाच सुट्टी लागायची. साठच्या दशकापासून नायलॉन पसरलं आणि जाळं रात्रंदिवस पाण्यात राहू शकलं, दिसेनासं झालं, फाटेनासं झालं. त्यावर आऊटबोर्ड इंजिन, मग बर्फ, मग जीपीएस. आजोबांच्या होडीएवढीच होडी आज त्यांच्या कितीतरी पट जाळं मारते, आणि मुशी मात्र आजोबांच्या काळच्याच वेगाने वीते.

तरी मुशीची मागणी काही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं कॉड लिव्हर तेल थांबलं तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई प्रांतात मुशीच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी. ते जीवनसत्त्व कारखान्यात बनू लागल्यावर तो धंदा बसला. नंतर परांचा निर्यात व्यापार आला. २०१५ मध्ये त्यावर बंदी आली आणि अनेकांना वाटलं, प्रश्न मिटला. मिटला नाही, कारण लहान होडीतली मोरी परांसाठी पकडली जातच नव्हती. ती खायची होती. मालवणात वाटप लावून केलेलं मोरीचं मटण, गोव्यात मोरीचं आंबट-तिखट, बाळंतिणीच्या ताटात मुद्दाम वाढलेला तुकडा. आता हॉटेलंही आहेत. देशाच्या किनारपट्टीवरच्या २,६४९ सीफूड हॉटेलांच्या मेनूची पाहणी झाली तेव्हा २९२ ठिकाणी शार्क सापडली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा गोव्याचा, ३५.८ टक्के. हॉटेलवाल्याला लहान, मऊ मुशी लागते. लहान म्हणजे कुठली, हे मेनूवर नसतं.

जाळ्यात अडकल्यावर कोण किती वेळ जगतं, हे सगळ्या उपायांच्या मुळाशी आहे. कानमुशी किंवा काळ्या टोकांची मुशी पोहत राहिली तरच तिच्या कल्ल्यांवरून पाणी वाहतं. थांबली की गुदमरली. संध्याकाळी मारलेलं जाळं पहाटे ओढलं, म्हणजे दहा-बारा तास. त्यात कानमुशीचं पिल्लू पहिल्या काही तासांतच संपलेलं असतं. ते मेलेलं परत पाण्यात टाकून कुणाचंच भलं होत नाही, त्यामुळे ‘लहान मुशी पकडू नका’ असा लांबीचा नियम त्याला वाचवत नाही. पाकट आणि गिटारफिश (पुढून पाकटीसारखी चपटी, मागून मुशीसारखी) यांचं तसं नाही. त्यांच्या डोळ्यांमागे एकेक श्वासरंध्र असतं. तिथून पाणी ओढून ते तळाशी पडल्या पडल्या श्वास घेतात. पहाटेच्या जाळ्यातही ते पुष्कळदा जिवंत असतात. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, तर नक्कीच, कारण तिथे मासा वाळूवर येईपर्यंत पाण्यातच असतो.

म्हणून सुटकेचे कष्ट घ्यायचे ते पाकट आणि गिटारफिशसाठी. पाकट होडीत ओढून घेण्यापेक्षा काठाशीच धरावी. काटा शेपटीच्या टोकाला नसतो, बराच अलीकडे असतो, आणि हात पोळतो तो याच गैरसमजामुळे. डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती शांत होते. सूत कापायचं, काटा नाही. बऱ्याच होड्यांवर आधी शेपूटच तोडतात; खलाशाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, पण मग सोडण्यात अर्थ उरत नाही. शेपटीला धरून लटकवायची नाही, श्वासरंध्रात किंवा कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, आकडा टोचायचा नाही. दोन बाजूंनी दोघांनी उचलून पाण्यात सोडायची, फेकायची नाही. आणि तरीही काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तासभर धरावी. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने निकामी होतं. पाणी दुसऱ्या, धड हाताने आधी तपासावं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका आली तर डॉक्टरकडे जायला पर्याय नाही.

यात एक वाईट गोष्ट आहे आणि ती टाळता येत नाही. गाभण पाकट जाळ्यात ताणाखाली पिल्लं टाकते. होडीच्या तळाशी नाण्याएवढी, पोटाला बलक लोंबणारी अर्धवट पिल्लं पडलेली दिसतात. आई जिवंत सुटली तरी तो विणीचा हंगाम गेला.

कायद्याची तऱ्हा न्यारीच. जुलै २००१ मध्ये केंद्राने सगळ्याच मुशी-पाकटांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. म्हणजे मोरी विकणारी बाईही गुन्हेगार. ओरड झाली आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. त्या दहांत एक गिटारफिशसारखी मोठी वेजफिश होती, रिंकोबॅटस जिडेन्सिस. पुढे वर्गीकरण नीट झालं तेव्हा कळलं, ही जात हिंद महासागराच्या पश्चिम टोकाची. आपल्याकडे असतात तिच्या बहिणी. म्हणजे जिला संरक्षण होतं ती इथे नव्हती, आणि जी होती तिचं नाव यादीत नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची नव्याने मांडली गेली आणि मुशी-पाकटांची संख्या वाढली. पण बंदरावर तोल करणाऱ्याला आजही वेजफिश आणि गिटारफिश वेगळी दाखवा म्हटलं तर तो गोंधळतो. खूण अशी: वेजफिशची शेपूट मुशीसारखी, दुभंगलेली, आणि पाठीवरचा पहिला पर पोटाखालच्या परांच्या वर, गिटारफिशचे पाठीवरचे दोन्ही पर बरेच मागे. जगातल्या वेजफिश आणि महाकाय गिटारफिश मिळून सोळा जातींपैकी पंधरा २०१९ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरल्या, तेव्हा ओळख चुकली तर किंमत मोठी आहे.

जे खरोखर चाललं ते शिक्षेने नाही, भरपाईने चाललं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात व्हेल शार्कची शिकार होत असे. बंदी आल्यावर, २००४ पासून कथाकार मोरारी बापूंच्या आवाहनाने आणि पुढे कापलेल्या जाळ्याच्या भरपाईने तेच मच्छीमार तिला सोडू लागले. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजार रुपयांपर्यंत देतात, सुटकेचं छायाचित्र किंवा चित्रफीत बघून. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, मोठी गिटारफिश यांना त्याचा उपयोग झाला. साध्या पाकटीसाठी मात्र या योजनेत दमडी नाही, आणि तिच्यापायी जाळ्याला पडलेलं भोक तर तेवढंच मोठं असतं.

मग कानमुशीच्या पिल्लांचं काय? तीन गोष्टी शक्य वाटतात, तिन्हींना अडचण आहे. जाळं दोन-तीन तासांनी तपासणं: डिझेल जळतं, झोप जाते, आणि पहाटेच्या भावाला उशीर होतो. तळाचं जाळं अर्धा मीटर वर उचलणं, म्हणजे शिशाच्या दोराला लोंबत्या दोऱ्या बांधून जाळ्याची खालची कड तळापासून सोडवणं: पाकटी कमी लागतात, पण लेपी आणि शेवंडही कमी होतात, आणि शेवंडावर होडीचा महिना निघतो. तिसरी, मला सर्वांत व्यवहार्य वाटणारी: उघड्या चिरेची तीन-चार पिल्लं एका ओढीत आली की दुसऱ्या दिवशी त्या जागी जाळं न मारणं आणि बाकीच्या होड्यांना कळवणं. व्हॉट्सॲप ग्रुप तर हवामानासाठी प्रत्येक गावात आहेतच. याला सरकारचा आदेश लागत नाही. रापणीचे संघ पाण्याच्या वाटण्या आपसात आजही ठरवतातच. अडचण एवढीच की जिथे पिल्लं असतात तिथेच कोळंबीही असते.

चौथी गोष्ट मेक्सिकोतली. बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लहान होड्यांच्या गिलनेटला दर दहा मीटरवर बॅटरीचा हिरवा एलईडी दिवा लावून पाहिला गेला. २०२२ मध्ये निकाल छापून आला: नको असलेला एकूण मासा ६३ टक्क्यांनी कमी, मुशी-पाकटं ९५ टक्क्यांनी कमी, हवा असलेला मासा जवळपास तेवढाच, आणि जाळं ओढून मोकळं करायचा वेळ निम्म्याहून घटला, कारण सोडवायला काटेरी काही उरलंच नाही. आपल्याकडे पाणी गढूळ, जाती वेगळ्या, तेव्हा आकडा तोच येईल असं नाही. शिवाय मालवणच्या किनाऱ्यावर एलईडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो प्रखर दिवे लावून बांगडा गोळा करणारा पर्ससीन. २०१७ पासून बंदी असलेला आणि तरीही रात्री क्षितिजावर दिसणारा. त्या माणसांना ‘तुम्हीही जाळ्याला दिवा लावा’ सांगायला जाणाऱ्याने सभेत मागच्या रांगेत, दाराजवळ बसलेलं बरं. पण प्रयोग करायचा तर एका हंगामासाठी दहा होड्या पुरतील. पाच दिव्यांच्या, पाच बिनदिव्यांच्या, पाणी आणि जाळं सारखं, आणि प्रत्येक ओढीनंतर तीनच नोंदी: किती मोरी, किती कानमुशी, आणि कितींची चीर उघडी.